स्नायू विरघळले तो उन्हाळा

गच्ची

त्या सोमवारी मी बऱ्याच दिवसांनी कामावर गेले होते. भाचीच्या लग्नासाठी नगरला माहेरी गेले, तिथे तापाने आडवी झाले आणि परत यायला जून उजाडला. नगरला उन्हाळा नव्हता असं नाही, पण तिथे मी पंख्याखाली पडून होते. दिल्लीत गाडीतून उतरले तेव्हा वाटलं, कुणीतरी भट्टीचं दार उघडलं आणि लावायला विसरून गेलं.

मी फरीदाबादच्या एका लॉन्ड्रीत शिफ्ट सुपरवायझर आहे. लॉन्ड्री म्हटलं की लोकांना कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान आठवतं, म्हणून सांगते, हा कारखाना आहे. हॉटेलांच्या आणि काही हॉस्पिटलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल ट्रकमधून येतात. धुवून, वाळवून, वाफेच्या रोलरखालून काढून, घड्या घालून परत जातात. माझं काम बघायचं आणि ओरडायचं. उचलायचं काम दुसऱ्यांचं.

पण त्या दिवशी दोन्ही ड्रायर बंद पडले. निम्मी माणसं गावी गेलेली. एका हॉटेलात लग्नाचं वऱ्हाड उतरलेलं आणि त्यांच्या चादरी संध्याकाळच्या आत परत जायला हव्या होत्या. मॅनेजरसाहेब म्हणाले, "मनीषाजी, छत पे डलवा दीजिए. ऐसी धूप में तो डालते ही सूख जाएँगी."

ते खरंच होतं. प्रश्न गच्चीपर्यंत नेण्याचा होता. लिफ्ट तिथवर जात नाही. मग मीही ओढणी कमरेला बांधली. माझ्या जोडीला रजनी होती. इटाव्याकडची, तिशीतली, त्याच आठवड्यात कामाला लागलेली.

"मैडम, आप रहने दीजिए," ती म्हणाली.

"चलो यार, दोनों मिलके कर लेंगे."

ओल्या चादरींच्या गाठोड्याची दोन टोकं दोघींनी धरायची आणि जिना चढायचा. वर टाकायच्या, वाळलेल्या काढायच्या, खाली यायचं, पुन्हा चढायचं. किती वेळा ते मला माहीत नाही. पाणी प्यायलो असू एकदा-दोनदा. आमच्याकडे बायकांचं टॉयलेट तळमजल्यावर एकच, त्याची कडी लागत नसे, एकीला बाहेर राखण करावी लागे. त्यामुळे कामावर पाणी न पिण्याची सवय आम्ही सगळ्याजणींनीच लावून घेतली होती. त्या सवयीचा आम्हाला थोडा अभिमानसुद्धा होता.

मला सगळ्यात जास्त आठवतं ते हे, की मला बरं वाटत होतं. हे कुणाला खरं वाटत नाही. सुरुवातीला मांड्या भरून आल्या, दंड थरथरले, आणि मग एका क्षणी ते सगळं मागे पडलं. गच्चीभर चादरी लटकत होत्या. त्यांच्यामधून पांढऱ्या गल्ल्या तयार झाल्या होत्या. लू, म्हणजे इथला गरम वारा, यायची, चादरी फुगायच्या, आणि गल्लीची दिशाच बदलायची. मी एकीतून आत शिरले की दुसरीकडूनच बाहेर पडायचे. खालच्या रस्त्यावरचे हॉर्न कापसात गुंडाळल्यासारखे ऐकू येत होते. चादरीपलीकडे रजनीची सावली हलत होती आणि मला वाटत होतं, ती माझीच सावली आहे, मी इथे नुसती बघायला आलेय. मी हसलेसुद्धा. पलीकडून तीही हसली.

आता कळतं, ते बरं वाटणं नव्हतं. ते माझं निसटणं होतं.

उन्हाळी

घरी कशी आले ते तुकड्यातुकड्यांत आठवतं. आम्ही दिल्लीत मयूर विहारला राहतो, मी, माझा नवरा अनिल आणि नववीतली लेक इरा. मेट्रोत बसायला जागा मिळाली, एवढं लख्ख आठवतं. उतरताना पाय माझे आहेत असं वाटेना. दांडीला धरून उठले तर हाताची मूठ सैल पडली.

"पहिलाच दिवस ना, होणारच," मी अनिलला म्हटलं. "अंग मोडून आलंय नुसतं."

अंगदुखीची गोळी घेतली. सकाळी आणखी एक घेतली. नंतर डॉक्टर म्हणाले, त्या अवस्थेत त्या गोळ्यांनी मूत्रपिंडांवर आणखी भार टाकला. तेव्हा कुणाला माहीत होतं? गोळी घरात होती, दुखत होतं, घेतली.

दुसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर जाईना. खांद्यापर्यंत यायचा आणि तिथेच थांबायचा, जसा कुणी वरून दाबून धरलाय. मांड्या दगडासारख्या कडक आणि सुजलेल्या. लघवी फारच थोडी होत होती, आणि तिचा रंग गडद होता. आईला फोन केला. माझी आई नगरला चर्चच्या आवारात राहते, गल्लीतल्या निम्म्या बायका औषध विचारायला तिच्याकडेच येतात.

"अगं, उन्हाळी लागलीय तुला," ती म्हणाली. "धणे-जिऱ्याचं पाणी घे. सब्जा घे. मी प्रार्थना करते. आणि उन्हात जाऊ नकोस."

आईचं काही चुकलं नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात लघवीला त्रास झाला की त्याला उन्हाळीच म्हणतात. शब्द हाताशी होता, म्हणून दुखणंही ओळखीचं वाटलं. मी सब्जाचं पाणी प्याले, ते उलटून पडलं, आणि पडदे ओढून झोपून राहिले. डोळे मिटले की पांढऱ्या गल्ल्या दिसायच्या. त्यांत फिरत राहण्यात सुख होतं. कुणी हाक मारली की राग यायचा.

इराची हाक

मला इराने वाचवलं असं मी म्हटलं की ती चिडते. "आई, मी फक्त विचारलं होतं," म्हणते.

बुधवारी सकाळी ती बाथरूममधून ओरडली, "आई, कमोडमध्ये कोक कोणी फेकलं?"

मी नुकतीच जाऊन आले होते. फ्लश करायचं दांडकं दाबायची ताकद बोटांत नव्हती.

"कोणी नाही," मी अंथरुणातून म्हटलं.

"अरे, मग हे ब्लॅक काय आहे? बाबा, इकडे या. बाबा!"

अनिल गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडाला अर्धवट दाढीचा साबण होता. तो केंद्राच्या एका मंत्रालयात फायलींवर बसणारा माणूस, घाई करणं त्याच्या स्वभावात नाही. त्याने टॉवेलने तोंड पुसलं, माझ्याजवळ खाली बसला आणि म्हणाला, "मनीषा, हे कधीपासून आहे?"

"कालपासून."

"आणि तू आम्हाला सांगितलं नाहीस."

"त्यात काय सांगायचं?"

त्याने मला उचलायचा प्रयत्न केला. मी किंचाळले. मांडीला हात लागला की आतून फाटल्यासारखं व्हायचं. शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, अनिल आणि खालचा गार्ड अशा दोघांनी मला लिफ्टपर्यंत आणि मग गाडीपर्यंत नेलं. खुर्चीतून जाताना मला वाटलं, मिरवणूक आहे. मी गार्डला "शुक्रिया भैया" म्हटलं ते पुन्हा पुन्हा, बऱ्याच वेळा, असं इरा सांगते.

"काम क्या करती हैं?"

इमर्जन्सीत एक तरुण डॉक्टर होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केस पेनाने वर खोचलेले. तिने माझ्या लघवीचा नमुना उजेडात धरून पाहिला आणि तिचा चेहरा बदलला.

"नया नया जिम जॉइन किया है क्या?"

मला हसू आलं. "जिम? नाही हो." मी मराठीत बोलत होते, हे मला कळलंच नाही.

"काम क्या करती हैं आप?"

अनिलने सांगितलं. लॉन्ड्री, ड्रायर, गच्ची. ती ऐकत गेली आणि एकीकडे नर्सला रक्ताच्या तपासण्या सांगत गेली. मग खुर्ची ओढून बसली. माझ्या नशिबाने ती बसली. उभ्याने सांगितलं असतं तर माझ्या डोक्यात काहीच शिरलं नसतं.

तिने सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. सवय मोडलेली असताना एवढ्या उन्हात शरीराला एवढं ताणलं, की स्नायू तुटायला लागतात. नुसते दुखत नाहीत, खरोखर तुटतात, आणि त्यांच्यातला ऐवज रक्तात विरघळतो. मूत्रपिंडं तो गाळून गाळून तुंबतात. लघवीचा काळा रंग त्याचाच. स्नायू किती तुटलेत ते दाखवणारा जो आकडा शेकड्यांत असायला हवा, तो माझ्या रक्तात लाखाच्या घरात होता. पोटॅशियमही वाढलं होतं, म्हणून छातीला लगेच वायरी लावल्या. वाढलेल्या पोटॅशियमने हृदय थांबू शकतं.

"म्हणजे माझे पायच माझ्या लघवीतून चाललेत?" मी विचारलं.

"कुछ ऐसा ही समझिए," ती म्हणाली. आणि मग तिने तो प्रश्न विचारला. "उस दिन आपके साथ और कौन उठा रहा था?"

खोली एकदम स्पष्ट झाली. चादरीपलीकडची सावली मला दिसली.

"रजनी," मी म्हटलं. "ती पण नवीन आहे."

अनिल आणि फोटो

रजनीचा फोन बंद होता. कारखान्यात विचारलं, तर ती मंगळवारपासून आलीच नव्हती. नवीन माणसं दोन दिवसांत काम सोडून जातात, कुणी चौकशी केली नव्हती.

"तू जा," मी अनिलला म्हटलं.

"तुला इथे सोडून?"

"इथे सगळे आहेत माझ्याजवळ. तिच्याजवळ कोण आहे?"

मग त्याने एक गोष्ट केली, जी लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत मला त्याच्याकडून अपेक्षित नव्हती. मला तोवर लघवीची नळी घातली होती आणि पलंगाच्या कडेला पिशवी लटकत होती. तो वाकला आणि त्याने त्या पिशवीचा फोटो काढला.

पुढचं त्याने नंतर सांगितलेलं. लॉन्ड्रीच्या ट्रक ड्रायव्हरला रजनीची वस्ती माहीत होती, त्याने गल्लीच्या तोंडाशी सोडलं. भर दुपार, पत्र्याची घरं. हा फुलशर्टातला, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवलेला माणूस दारोदार "रजनी, लॉन्ड्रीवाली?" विचारत हिंडतोय. लोकांना वाटलं, वसुलीला आलाय. अखेर एका घराच्या दारात एक म्हातारी बसली होती, रजनीची सासू.

"तबियत खराब है. बुरी नज़र लग गई," ती म्हणाली.

आत रजनी जमिनीवर पडली होती, कपाळावर ओला दुपट्टा. अनिल उंबऱ्याशी थांबला. परक्या बाईला हे विचारायचं कसं? त्याने विचारलंच.

"बहनजी, माफ़ कीजिए. पेशाब का रंग कैसा है?"

सासू उठूनच उभी राहिली. त्याने घाईघाईने फोन काढला, फोटो पुढे धरला. "ये मेरी वाइफ़ का है. मनीषा मैडम का. वो हॉस्पिटल में हैं."

रजनीने मान उचलून फोटो पाहिला. मग म्हणाली, "ऐसा ही है."

सासूने फोन हातात घेतला, सुनेकडे पाहिलं, आणि चपला घातल्या.

तिला जवळच्या सरकारी रुग्णालयात नेलं. अनिलने तिथल्या डॉक्टरांना माझ्या डॉक्टरशी फोनवर बोलायला लावलं. रजनीने अंगदुखीची गोळी घेतली नव्हती, कारण घरात नव्हती, आणि सासू तिला बळेबळे घोट घोट पाणी पाजत राहिली होती. तिचं नुसत्या सलाइनवर भागलं. संध्याकाळी अनिल परत आला, तेव्हा शर्ट मिठाने पांढरा झालेला, ओठ फुटलेले. नर्सने आधी त्यालाच खुर्चीत बसवून पाणी दिलं.

"मिळाली," तो म्हणाला. एवढंच. मग माझ्या पलंगाच्या कडेवर डोकं टेकवून झोपून गेला.

पांढरे दिवस

माझं सलाइनवर भागलं नाही. लघवी जवळजवळ थांबली. मानेत नळी घालून डायलिसिस सुरू झालं. "टेम्पररी है," डॉक्टर म्हणायची, आणि मी तिच्या डोळ्यांत बघायचे की हा शब्द खरा आहे का.

ते दिवस मला एकामागे एक आठवत नाहीत. ते एकमेकांत भिजलेले आहेत. एसीचा गारवा, मशिनची एका लयीतली कुरकुर, छताच्या चौकोनी फळ्या. रक्त एका नळीने बाहेर जायचं, दुसरीने परत यायचं, आणि मला वाटायचं, कुणीतरी मला धुऊन आणतंय. शरीरात विष साठलं की सुस्ती येते, असं म्हणतात. माझी सुस्ती पाण्यासारखी होती. मी तिच्या तळाशी पडून असायचे आणि वरून माणसं वाकून बघायची. कधी आई असायची, जी नगरला होती. कधी इरा, पण एवढीशी, दुपट्यातली. एकदा सकाळी मी डोळे उघडले तर वॉर्डभर चादरी लटकत होत्या. पडदे होते ते, पलंगांमधले. मी एकीकडून दुसरीकडे जायला उठू लागले. जिंसी सिस्टरने दोन्ही खांदे धरून मला झोपवलं.

"किधर जाना है दीदी?"

"रजनी उधर है."

"उधर कोई नहीं. इधर मैं है."

जिंसी केरळची होती. तिचं हिंदी वेडंवाकडं आणि माझंही त्या दिवसांत तसलंच, त्यामुळे आमचं छान जमलं. चादर बदलताना ती मला इतक्या हलक्या हाताने कुशीवर वळवायची, की दुखायच्या आधीच झालेलं असायचं. एकदा तिने नवी चादर अंथरली आणि मी सवयीने कडेची शिवण बोटाने चाचपली. कोपऱ्यात आमच्या लॉन्ड्रीचा निळा टाका होता.

"ये हमारी है," मी म्हटलं.

"हाँ दीदी, तुम्हारी ही है," ती म्हणाली. तिला वाटलं, मी पुन्हा भरकटले. मी समजावत बसले नाही. त्या चादरीवर कुणी कुणी हात फिरवला असेल याचा विचार करत झोपी गेले. घडी घालणारी शकुंतला, रोलरवरची मुन्नी. त्या दिवशी झोप गाढ लागली.

भीती वाटायची ती सकाळी, रिपोर्ट यायच्या आधी. मरणाची नव्हे. आयुष्यभर या मशिनला बांधलं जाण्याची. शेजारच्या पलंगावरच्या बाई वर्षानुवर्षं येत होत्या. त्या विणकाम करत असत आणि मला टाके दाखवत. त्या इतक्या शांत होत्या, की मला त्यांची भीती वाटायची.

भेटायला येणारे सगळे नारळपाणी घेऊन यायचे. चर्चमधल्या बायका, अनिलच्या ऑफिसातले लोक, मॅनेजरसाहेब तर केळीही घेऊन आले. पोटॅशियममुळे मला दोन्ही बंद. दाराशी शहाळ्यांची रांग लागायची आणि इरा ती बाहेर जमिनीवर बसलेल्या नातेवाइकांना वाटून यायची. तिच्यामुळे त्या मजल्यावर आमची बरीच ओळख झाली.

आणि मग एका सकाळी जिंसीने पिशवी उचलून खिडकीपाशी धरली.

"देखो दीदी. चाय."

कोकचा चहा झाला होता. पुढे काही दिवसांनी फिका चहा. त्यानंतर एकदा तिने नुसती पिशवी दाखवली. तिच्यातून पलीकडचं निंबाचं झाड दिसत होतं.

घरी

घरी आल्यावर सोपं होईल, असं आम्हा तिघांनाही वाटलं होतं. तसं झालं नाही. मी काठी घेऊन बाथरूमपर्यंत जायचे आणि येऊन धापा टाकायचे. अनिल हॉस्पिटलमध्ये मला एका शब्दानेही रागावला नव्हता. तो आता बोलला.

"तू सुपरवायझर आहेस ना? मग गाठोडी उचलायला कोणी सांगितलं?"

"माणसं कमी होती."

"हॉटेलवाल्यांच्या चादरींसाठी? इरा चौदाची आहे, मनीषा. मी त्या वॉर्डाबाहेर बसून काय काय ठरवत होतो, तुला कळतंय?"

"मग काय, घरी बसू?"

"बस."

तो शब्द त्याने इतक्या जोरात म्हटला, की इरा खोलीतून बाहेर आली. मग तो गॅलरीत गेला. बऱ्याच वेळाने आला, माझ्यामागे बसला आणि फणी घेतली. माझे हात तेव्हाही डोक्यापर्यंत पोचत नव्हते. केसांचा नुसता गुंता झाला होता. त्याने खालून वर एकेक बट सोडवत आणली. त्याला वेणी येत नाही. जे काही त्याने घातलं ते दुपारपर्यंत सुटलं, पण भांडणही त्याबरोबर सुटलं.

इराचं मराठी दिल्लीचं आहे, निम्मं हिंदी. फिजिओथेरपीवाल्याने व्यायाम शिकवले, ते ती माझ्याकडून करून घ्यायची. एकदा मी म्हटलं, "पोटरीत गोळा आलाय."

"पोटरी म्हणजे?"

"ही. गुडघ्याच्या मागे, खाली."

"अच्छा, पिंडली." तिने बोट ठेवलं. "आणि हे?"

"दंड."

"हे?"

"ती बरगडी. हा घोटा. ही टाच तर माहीत आहे ना?"

"एड़ी," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. पुढे रोज ती एकेका जागेवर बोट ठेवून नाव विचारायची, आणि मी त्या जागेला ताण द्यायचे. मांडी म्हटलं की मांडी हलायची, कमी, पण हलायची. दुपारच्या अर्धवट झोपेत मला वाटायचं, ती एकेकाला हाका मारतेय आणि ते पाण्याखालून वर येतायत. पोटरी सगळ्यात उशिरा आली.

एवढंच सांगायचं आहे

मी डॉक्टर नाही. पण उन्हात किंवा वाफेत, सवय नसताना किंवा मोडलेली असताना, अंगमेहनत झाली असेल आणि दुखणं नेहमीच्या अंगदुखीपेक्षा वेगळं वाटत असेल, तर लघवीचा रंग बघा. चहासारखा, कोकसारखा असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. स्वतःच्या मनाने दुखण्याची गोळी घेऊ नका. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी काय काम केलं ते सांगा. आणि बरोबर कोण होतं, ते आठवा. त्यांनाही फोन करा.

बायकांना आणखी एक सांगते. पाणी न पिणं ही हुशारी नाही. मी ते खूप महागात शिकले.

बलबीर

मी परत कामावर जाईन असं कुणाला वाटलं नव्हतं, मलाही नाही. मूत्रपिंडं सावरली, पण पाय पूर्वीसारखे नाहीत. थंडीत अर्ध्या वेळावर सुरुवात केली. रजनी माझ्याआधीच परत आली होती. पहिल्या दिवशी तिने मला मिठी मारली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "रंग कैसा है?" आता तो आमच्याकडे रामराम झाला आहे.

मॅनेजरसाहेबांकडे मी तीन गोष्टी मागितल्या. बायकांसाठी दुरुस्त टॉयलेट, दर थोड्या वेळाने सावलीत बसून पाणी, आणि नवीन किंवा सुट्टीवरून आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात निम्मंच काम. पहिल्या दोन लगेच झाल्या. तिसरीला ते म्हणाले, "आधे काम की पूरी तनख़्वाह कौन देगा?" मी म्हटलं, "आप." हो नाही करता करता उन्हाळ्याआधी तेही झालं.

मे महिन्यात बलबीर आला. पलवलकडचा, चाळिशीचा, मानेइतकाच जाड दंड, एके काळी कुस्ती खेळलेला. धुलाईच्या मशिनमधून ओले कपडे काढायच्या कामावर. सकाळभर त्याने एकट्याने दोघांचं काम केलं आणि आजूबाजूला कुणी बघतंय का ते पाहत राहिला. मी जाऊन त्याला थांबवलं.

"आज इतना ही. अब बैठिए."

"मैडम, मैं थका नहीं हूँ."

"पता है."

"मैं अखाड़े का आदमी हूँ. लोग हँसेंगे."

त्याचा चेहरा खरंच उतरला होता. मी त्याला माझी सगळी गोष्ट सांगू शकले असते. पण रजनी पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि त्याच्या हातात दिला. "पी लो भैया. यहाँ सब बैठते हैं."

तो बाकावर बसला, मांड्यांवर हात ठेवून, शिक्षा झालेल्या पोरासारखा ताठ. मी त्याच्या शेजारी बसले. मलाही बसायला सांगितलेलंच आहे. समोर रोलर फिरत होता आणि त्याच्या तोंडातून चादर बाहेर येत होती, सपाट, गरम, सावकाश, जशी काही कुठून तरी लांबून येतेय आणि तिला संपायची घाई नाही. वाफेत पलीकडच्या बायका अर्ध्याच दिसत होत्या. कुणीही हसत नव्हतं.

"कब तक बैठना है?" त्याने विचारलं.

"अभी तो बैठे हैं."

थोड्या वेळाने त्याचे खांदे खाली आले. पाठ भिंतीला टेकली. चेहऱ्यावरून घाम ओघळत होता आणि तो पुसत नव्हता. त्याने डोळे मिटले. मग एक डोळा हळूच उघडून बघितलं, मी उठले तर नाही ना. मी बसलेलीच होते. तेव्हा त्याने तोही मिटला.